परक्या शब्दाचा आडोसा

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका आरोग्य उपकेंद्राच्या पडवीत बसून, मी केलेले भाषांतर दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. बायकांच्या आरोग्याची एक लांबलचक प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. तीत मधेच एक चार शब्दांचा प्रश्न होता, 'आर यू सेक्शुअली ॲक्टिव्ह?', आणि मी तो 'आपण लैंगिकदृष्ट्या सक्रिय आहात का?' असा मराठीत आणला होता. पुण्यातल्या माझ्या टेबलावर ते वाक्य मला निर्दोष वाटले होते. पडवीत आशाताईने ते डोळ्यांनी वाचले, क्षणभर थांबली, कागद मांडीवर पालथा घातला आणि समोर बसलेल्या बाईला विचारले, "मालक येत्यात का गं गावाकडं?"

बाई तिशीच्या आतबाहेरची होती. नवरा पुण्यात टेम्पो चालवतो आणि दोन-तीन महिन्यांनी घरी येतो, हे तिने आधीच सांगितले होते. पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "येत्यात की. पर आल्यात म्हंजी माझ्यापाशी आल्यात, असं थोडंच हाय." आशाताईने मान हलवली, कागद सुलटा केला आणि 'होय'च्या चौकटीत खूण केली.

ती खूण माझ्या मनातून गेली नाही. बाईने एका वाक्यात जे सांगितले होते, ते टिपून घ्यायला त्या कागदावर जागाच नव्हती, आणि ती जागा मी भाषांतरात गमावली असेही म्हणता येत नव्हते, कारण मूळ इंग्रजी प्रश्नातही ती नव्हती. ज्वालामुखी सक्रिय असतो, माणूस सक्रिय राजकारणात असतो. त्या विशेषणाला एकटा धनी पुरतो. दोन माणसांमध्ये घडणाऱ्या गोष्टीबद्दलच्या प्रश्नात दुसरे माणूसच नव्हते. बाईच्या उत्तरात मात्र दोघेही होते, आणि त्यांच्यामधले अंतरही होते.

तोपर्यंत मी असे समजत होते की या विषयात मराठी तोकडी आहे आणि इंग्रजी समर्थ आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांची हीच समजूत आहे आणि तिला कारणही आहे. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री आई माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या हातावरची मेंदी सुकली का ते पाहिले आणि म्हणाली, "ते सगळं नीट होतं गं, घाबरू नकोस." आईने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली, संधी-समासांत तिचा हात धरणारे कोणी नव्हते, पण या एका ठिकाणी तिच्यापाशी 'ते सगळं' हे दोनच शब्द होते. मग आम्ही आडोसा शोधला तो इंग्रजीचा. डॉक्टर विचारतात, "रिलेशन ठेवता का?" मुली मैत्रिणींना सांगतात, "आमच्यात अजून फिजिकल काही झालेलं नाही." चार वर्षांच्या लेकराला आंघोळ घालताना, एरवी मराठीच बोलणारी आई 'प्रायव्हेट पार्ट' म्हणते. परका शब्द उच्चारताना जिभेला लाज कमी वाटते, कारण त्या शब्दाला आपल्या घराचा वास नसतो. तेवढ्यावरून आपण ठरवून टाकतो की ज्यांच्या घरचा तो शब्द आहे त्यांना तरी तो सहज बोलता येत असेल.

तसे नाही, हे मला कळायला हवे होते ते एम. ए.च्या वर्गात. जेन ऑस्टिनच्या 'एमा' या कादंबरीत बर्फ पडत असताना घोडागाडीतून परतताना एल्टन नावाचा पाद्री नायिकेशी 'मेकिंग व्हायोलंट लव्ह' करू लागतो, असे वाक्य आहे. वर्गात दबके हसू पसरले. सरांनी समजावले की १८१५च्या आसपास त्या शब्दांचा अर्थ प्रेमाची याचना करणे, लाघव दाखवणे एवढाच होता. बिचारा फक्त बोलत होता. विसाव्या शतकात तोच शब्दप्रयोग अंथरुणापर्यंत पोहोचला आणि आज तो म्हणताना पुष्कळ इंग्रजी भाषकांनाच अवघडल्यासारखे होते, कारण त्यात प्रेम गृहीत धरलेले असते आणि प्रत्येक वेळी ते असतेच असे नाही. 'इंटरकोर्स'चेही तेच. त्याचा मूळ अर्थ व्यापार, दळणवळण, माणसांचा एकमेकांशी व्यवहार. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तो शब्द हळूहळू शरीराकडे सरकला, आणि शेवटी असा चिकटला की आता दोन देशांमधल्या व्यवहारासाठी तो वापरण्याची सोय राहिलेली नाही. 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे संभाषण, पण इंग्लंडच्या कायद्यात 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' नावाचा दावा होता. आपल्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाकडून नवऱ्याने पैशांत भरपाई मागायची. हा दावा १८५७ साली रद्द झाला. त्यात बायको पक्षकारही नसे. ज्या गोष्टीला संभाषण म्हटले होते, त्यातल्या एका व्यक्तीला न्यायालयात बोलायला जागा नव्हती.

खुद्द 'सेक्स' हा शब्द तर मुळात कृतीचा नव्हताच. लॅटिनमधल्या 'सेक्सस'वरून तो आला आणि त्याचा अर्थ स्त्री व पुरुष असा भेद. त्याला कृतीचा अर्थ चिकटला आणि रुळला तो विसाव्या शतकात. आपले 'लिंग'ही असेच खूण, लक्षण अशा अर्थाचे, म्हणून व्याकरणात तीन लिंगे असतात आणि सातवीच्या वर्गात 'लिंग ओळखा' हा प्रश्न फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. त्या 'लिंगा'वरून आपण 'सेक्शुअल'च्या मापाचा 'लैंगिक' शब्द बेतला. म्हणजे प्रश्नावलीत मी जो मराठी शब्द वापरला होता तोही इंग्रजीचेच मूल होता, आणि आईबापांची उणीव त्याच्यात उतरली होती. भेदाचा शब्द मिलनासाठी वापरायचा आणि मग त्यात ऊब का नाही म्हणून खंतावायचे.

इंग्रजीत या कृतीसाठी एक अस्सल, जुने, चार अक्षरांचे क्रियापद आहे, एफने सुरू होणारे. ते शतकानुशतके लोकांच्या तोंडी होते, पण १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात त्याला प्रवेश नव्हता. कोशात तो शब्द आला १९७२ सालच्या पुरवणी खंडात. इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीत हा शब्द वारंवार येतो, आणि तिच्यावर लंडनमध्ये अश्लीलतेचा खटला होऊन १९६०च्या नोव्हेंबरमध्ये प्रकाशक निर्दोष सुटले. आपल्याकडे मात्र मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला तेच पुस्तक विकल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली. लॉरेन्सची धडपड मला फार खरी वाटते. शिवी झालेल्या शब्दाला धुऊन, दोन माणसांच्या मायेत परत वापरता येईल का, हे त्याला पाहायचे होते. ते जमले नाही, असे मला वाटते, आणि त्याचे कारण त्या क्रियापदाच्या व्याकरणात आहे. ते सकर्मक आहे. एकजण करतो, दुसऱ्याला केले जाते. म्हणूनच तेच क्रियापद फसवणे, वाट लावणे, नागवणे या अर्थांनीही सर्रास चालते. 'स्क्रू'चीही तीच गत. ज्या भाषेत जवळ घेणे आणि लुबाडणे यांना एकच शब्द पुरतो, त्या भाषेत जवळिकीबद्दल बोलायचे तर माणसाला प्रत्येक वेळी वाकडी वाट करून जावे लागत असणार. उरले 'हॅव सेक्स'. चहा घ्यावा, ताप यावा, तसे ते. त्यात इजा नाही, आणि दुसरे काहीच नाही.

शरीराच्या नावांकडे आले की इंग्रजी सरळ लॅटिनच्या पडद्याआड जाते. स्त्रीच्या अवयवाला शरीरशास्त्राने जे नाव दिले, 'व्हजायना', त्याचा लॅटिन अर्थ तलवारीचे म्यान. म्हणजे त्या जागेचे नावच तिथे येणाऱ्या शस्त्रावरून ठरले. बाह्यांगांना दिलेल्या 'प्युडेंडा' या नावाचा अर्थ, ज्यांची लाज वाटावी अशा गोष्टी. हे मला कळले तेव्हा मी 'योनी' हा शब्द कागदावर लिहून बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. उगम, उत्पत्तिस्थान, घर. चौऱ्यायशी लक्ष योनी म्हणताना कीर्तनकाराचा आवाज जराही चाचरत नाही. इतका मोठा आणि इतका निर्मळ शब्द आपल्यापाशी असताना आपण लेकीला 'प्रायव्हेट पार्ट' शिकवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. मीही तेच शिकवले होते.

तरीही मराठीचे गोडवे गाऊन मला मोकळे होता येत नाही. 'संभोग' हा शब्द फोडला तर 'सम्' आणि 'भोग', दोघांनी मिळून घेतलेले सुख. याहून चांगला शब्द मागून घडवता आला नसता. पण आज तो पोलिसांच्या पंचनाम्यात आणि वैद्यकीय अहवालात राहतो, घरात पाऊल टाकत नाही. शिवाय मराठीने 'भोग' या शब्दाचेच काहीतरी वेगळे करून ठेवले आहे. देवाला दाखवलेला नैवेद्य भोग, आणि नशिबी आलेले दुःखही भोग. "भोग सरले बाई तिचे," असे आपण एखादी सासुरवाशीण गेल्यावर म्हणतो. शिक्षा भोगतात, कळा भोगतात. त्या पडवीत बसलेल्या कितीतरी जणींच्या बाबतीत या शब्दाचा कोणता अर्थ लागू होता, हे मी विचारू शकले नाही. 'समागम' हा शब्द 'इंटरकोर्स'च्याच वाटेने गेला. कीर्तनात संतसमागमाचा महिमा गातात आणि डॉक्टरांच्या पुस्तकात समागमाचे दिवस मोजतात. मात्र मराठीत दोन्ही अर्थ अजून शेजारी शेजारी नांदतात, हे मला सुलक्षण वाटते. 'शेज'ही तशीच. पंढरपुरात रात्री विठ्ठलाची शेजारती होते आणि लावणीतली नार शेज सजवून वाट पाहते.

गावाकडच्या बायकांनी तर या ग्रंथांतल्या शब्दांकडे कधी पाहिलेच नाही. त्यांचे शब्द वेगळे, आणि ते मला प्रश्नावलीच्या कामात एकेक करून मिळत गेले. अंगावरून पांढरे जाते. पदर आला. दिवस गेले. गर्भाशयाला त्या पिशवी म्हणतात, "पिशवी काढली" असे हिशेबाच्या सुरात सांगतात, आणि त्या पिशवीत धान्य भरायच्या वस्तूइतकीच माया ठेवायला त्यांना आयुष्याने शिकवलेले असते. गर्भाशय खाली सरकले तर "अंग बाहेर येतं." साऱ्या शरीराला जो शब्द तोच त्या एका भागाला. हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले की बाई संकोचाने मोघम बोलते आहे. आता वाटते की ती नेमके बोलत होती. त्या दुखण्यात तिचे सगळे अंगच बाहेर आलेले असते.

परक्या शब्दाने प्रत्यक्षात काय होऊ शकते, याचे आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतच घडले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी वयात आल्यावर नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, जायला नकार दिला. दादाजींनी १८८४ साली उच्च न्यायालयात दावा लावला तो 'रेस्टिट्यूशन ऑफ काँज्युगल राइट्स'चा, म्हणजे वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा. हे शब्द इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेले. 'रेस्टिट्यूशन' म्हणजे घेतलेली वस्तू परत करणे. 'काँज्युगल'च्या पोटात लॅटिनमधले 'जुगम', म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली दावा फेटाळताना म्हटले की जो आवडत नाही अशा पुरुषाकडे, त्याने तिच्या इच्छेविरुद्ध सहवास करावा म्हणून एका तरुण स्त्रीला जायला लावणे हे रानटी आणि क्रूर ठरेल. या दाव्याचे मूळ हिंदू कायद्यात नसून तो इंग्लंडातून इथे आणून लावला आहे, हेही त्यांनी नोंदवले. पण अपिलात निकाल फिरला, आणि १८८७च्या मार्चमध्ये रखमाबाईंना सांगण्यात आले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला शिकायला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

ज्या देशातून हे शब्द आले तिथे हा दावा १९७० सालच्या कायद्याने संपवण्यात आला. आपल्याकडे १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून आहे. कुटुंब न्यायालयाच्या आवारात मात्र कोणी तो इंग्रजी शब्दप्रयोग उच्चारत नाही. तिथे म्हणतात, "त्यानं नांदायला ये म्हणून केस टाकलीय." नांदणे! मला हा शब्द मराठीतला सर्वांत भरलेला शब्द वाटतो. त्यात चूल आहे, अंथरूण आहे, सणवार आहेत, सासूचे दुखणे आहे, रात्री दोघांनी हळू आवाजात केलेले उद्याचे हिशेब आहेत. इंग्रजीला जे सहा-सात शब्द जोडूनही साधत नाही ते यात आहे. 'नांदा सौख्य भरे' म्हणताना आपण दोघांनाही म्हणतो. पण "नांदायला जा" असे फक्त मुलीलाच सांगितले जाते, आणि कधी एखाद्या पुरुषाला कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही की तू नीट नांदतोस ना. त्यामुळे दोघांचे असू शकणारे क्रियापद आपण एकीच्या खांद्यावर टाकून दिले आहे. इंग्रजीचे जू आणि मराठीचे नांदणे, शेवटी मान एकाच व्यक्तीची.

या सगळ्यात मला र. धों. कर्व्यांचा आधार वाटतो. गणिताचा हा प्राध्यापक फ्रान्समध्ये शिकून आलेला होता, इंग्रजी-फ्रेंच त्याला उत्तम येत होते, आणि परक्या भाषेच्या आडोशाला जाऊन सुशिक्षितांपुरते बोलणे त्याला सहज शक्य होते. त्याने १९२७च्या जुलैमध्ये 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्याचे मासिक काढले ते मराठीत, आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. वाचकांच्या शंकांना तो मासिकातून उत्तरे देत असे, आणि ती उत्तरे वाचताना जाणवते की त्याला शब्द सापडत नाहीत असे होत नाही, कारण तो समोरच्याला खरोखर काहीतरी सांगायला बसलेला असतो. त्याच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्याची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दंड झाला, आणि मासिक चालू राहिले. नव्वद वर्षे उलटली. आज मोबाइलवर सगळे जग उघडे पडले असताना, ज्या सरळ मराठीत तो लिहीत होता तीत एखादी आई मुलीशी बोलताना मला क्वचितच दिसते.

त्याहूनही मागे गेले तर सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा आहेत. गोदावरीचा काठ, वेळूची बने, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको, दाराशी आलेला वाटसरू. तिथे पुष्कळदा त्या कृतीचे नावच येत नाही. कोणी कोणाकडे कसे पाहिले आणि कोणी मान वळवली, एवढेच येते, आणि सगळे कळते. नामाची गरज कदाचित मला, भाषांतर करणारीलाच, जास्त वाटत होती.

प्रश्नावलीची दुसरी आवृत्ती करताना मी तो प्रश्न बदलला. 'गेल्या महिन्यात तुम्ही दोघे जवळ आलात का?' असे लिहिले, आणि त्याखाली, 'तेव्हा तुम्हाला जवळ यावेसे वाटत होते का?' ज्यांनी काम दिले होते त्यांनी दुसरा प्रश्न काढून टाकला. मूळ इंग्रजीत तो नाही, मग उत्तरांची तुलना कशी करणार, असे त्यांचे म्हणणे होते. मी दोनदा लिहून कळवले, एकदा फोनवर वाद घातला, आणि शेवटी प्रश्नावली एका प्रश्नासह छापली गेली. त्याचा राग मला अजून आहे.

पुढच्या फेरीला मी पुन्हा त्याच पडवीत गेले. भरलेले कागद तपासायचे होते. आशाताईने मला न विचारता, वगळलेला प्रश्न तोंडीच विचारायला सुरुवात केली होती, आणि उत्तरे ती समासात पेन्सिलीने, बायका बोलल्या तशीच, उतरवून ठेवत होती. टेम्पोवाल्याच्या बायकोचा कागद मला हस्ताक्षरावरून नव्हे, गावाच्या नावावरून ओळखू आला. 'होय' आणि 'नाही' या दोन्ही चौकटी मोकळ्या होत्या. बाजूला तीन ओळी होत्या.

'त्यांनी इचारलं. मी आज नगं म्हटलं. बरं म्हणून झोपलं.'